घड्याळ कुणी पळवलं?

शीर्षक वाचून राजकारणावरचा लेख समजून आला असाल तर आधीच सांगतो, हे घड्याळ वेगळं आहे. ते प्रोसेसरच्या आत असतं आणि सेकंदाला चारशे-पाचशे कोटी वेळा टिकटिकतं. त्याच्या प्रत्येक टिकटिकीला प्रोसेसर कामाचं एक पाऊल पुढे टाकतो. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा हे घड्याळ जास्त जोरात पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

पीसीवर गेम खेळणाऱ्यांच्या जगात हा छंद आहे, स्पर्धा आहे आणि थोडाफार धर्मही आहे. प्रोसेसरवर द्रवरूप हेलियम ओतून ९ गिगाहर्ट्झच्या पुढे गेलेले विक्रमवीर आहेत. रॅमच्या एकेका आकड्यावर रात्री घालवणारे भाविक आहेत. 'हे कसं करायचं' हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने मिळतात. पण एखाद्या सिनेमाबद्दल किंवा कादंबरीबद्दल आपण जे प्रश्न विचारतो, ते या प्रकाराबद्दल फारसे कुणी विचारत नाही. यातून नक्की काय मिळतं? याचा अर्थ काय? आणि तो अर्थ बदललाय का?

माझ्या मते वेग किती वाढला हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की घड्याळ पळवलं कुणी, आणि ते पळवलंय हे कुणाला माहीत होतं? गेल्या पाव शतकाहून जास्त काळात या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं आली. ओव्हरक्लॉकिंगचं मूल्यमापन त्या उत्तरांवर ठरतं.

उत्तर पहिलं : ग्राहकाने

ऑगस्ट १९९८. इंटेलने दोन प्रोसेसर बाजारात आणले. एक पेंटियम टू, ४५० मेगाहर्ट्झचा, किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, ३०० मेगाहर्ट्झचा, किंमत १४९ डॉलर. पहिला श्रीमंतांचा, दुसरा 'बजेट'वाल्यांचा.

प्रोसेसरचा वेग तेव्हा एका साध्या गुणाकारातून यायचा. मदरबोर्डवरच्या बसचा वेग गुणिले प्रोसेसरचा ठरावीक गुणक. सेलेरॉनचा गुणक होता ४.५ आणि बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ, म्हणून ३००. गुणक कंपनीने कुलूपबंद केलेला होता, पण बसचा वेग मदरबोर्डच्या हातात होता. लोकांनी तो ६६ वरून १०० केला. १०० गुणिले ४.५ म्हणजे ४५०. काही मदरबोर्डवर त्यासाठी बायोसमध्ये एक पर्याय बदलला की झालं. जिथे ती सोय नव्हती, तिथे प्रोसेसरच्या कार्डावरची बी२१ नावाची पिन चिकटपट्टीने झाकली, की मदरबोर्ड आपोआप १०० वर चालायचा. १४९ डॉलरचा प्रोसेसर ६६९ डॉलरच्या प्रोसेसरच्या शेजारी जाऊन बसला.

हे शक्य झालं याचं कारण चिपांची प्रतवारी कशी होते त्यात आहे. कारखान्यात वेगवेगळ्या वेगाचे प्रोसेसर वेगवेगळे घडवले जात नाहीत. एकाच तबकडीतून शेकडो चिपा निघतात, त्यांची चाचणी होते आणि ज्याच्या-त्याच्या कुवतीप्रमाणे लेबल लागतं. आंब्याचा व्यापारी पेट्या लावतो तसंच. पण समजा, एखाद्या वर्षी झाडाला सगळंच फळ पहिल्या प्रतीचं लागलं, आणि बाजारात मागणी मात्र दुसऱ्या प्रतीच्या स्वस्त पेटीला जास्त आहे. मग व्यापारी काय करेल? पहिल्या प्रतीचं फळ दुसऱ्या प्रतीच्या पेटीत भरेल. उत्पादनाची पद्धत एकदा रुळली, की चिपांचं हेच होतं. लेबल चिपेची कुवत कमी आणि कंपनीचं दरपत्रक जास्त सांगायला लागतं.

२००० च्या सुमाराला एएमडीच्या ड्युरॉन आणि अॅथलॉन प्रोसेसरवर गंमत आणखी वाढली. त्यांचा गुणक चिपेच्या पाठीवरचे काही बारीक पूल तोडून बंद केलेला असायचा. पेन्सिलीच्या शिशातलं ग्रॅफाइट वीजवाहक असतं. लोकांनी साध्या पेन्सिलीने ते पूल पुन्हा जोडले आणि कुलूप उघडलं.

या काळातलं ओव्हरक्लॉकिंग मला दरपत्रकावरची समीक्षा वाटते. लेबलवर लिहिलंय ते वस्तूबद्दल आहे की विक्रीबद्दल, हे तपासून पाहायची ती पद्धत होती. आणि ती प्रामाणिक होती, कारण फायदा, धोका आणि माहिती तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडे होत्या. प्रत्येक ३००ए काही ४५० ला टिकायचा नाही. वॉरंटी जायची. चिप जळली तर आपलीच. पण ज्याने घड्याळ पळवलं, त्याला ते पळवलंय हे माहीत होतं.

मध्येच एक शंका : पळालं नक्की काय?

या कथेत एक तपशील नेहमी मागे पडतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेला पहिला सेलेरॉनही ओव्हरक्लॉक छान व्हायचा. तरी त्याला कुणी फारसं गौरवलं नाही. मग ३००ए मध्ये असं काय होतं?

कॅशे. पहिल्या सेलेरॉनमध्ये दुसऱ्या पातळीची कॅशे मेमरी अजिबात नव्हती. ३००ए मध्ये ती १२८ केबी होती, आणि तीही चिपेच्या आत, प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालणारी. महागड्या पेंटियम टूकडे ५१२ केबी होती, पण ती चिपेच्या बाहेर, निम्म्या वेगाने चालायची. म्हणजे घड्याळ पळवल्यावर सेलेरॉनची कॅशेही सोबत पळाली. घड्याळाचं श्रेय मोठं, पण अर्धं श्रेय कॅशेचं.

हे समजायला स्वयंपाकघर पुरेसं आहे. कॅशे म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा. रॅम म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. तुमचा हात कितीही भराभर चालत असला तरी मोहरी संपली आणि दुकानात जावं लागलं, की फोडणी थांबते. आजचा ५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ०.२ नॅनोसेकंदात एक टिक टाकतो. रॅममधून काही आणायला त्याला साधारण ७० ते ८० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे दुकानाच्या एका फेरीत साडेतीनशे-चारशे टिका वाया. गेममध्ये शत्रू कुठे आहे, भिंत कुठे आहे, गोळी कशाला लागली, असा विखुरलेला माहितीसाठा सारखा उपसावा लागतो. त्यामुळे दुकानाच्या फेऱ्या खूप होतात.

बरं, दुकान तरी जवळ आलंय का? रॅमच्या पाकिटावरचे आकडे बघा. जुनी डीडीआर-४०० रॅम, सीएल २. मधली डीडीआर४-३२००, सीएल १६. आजची डीडीआर५-६०००, सीएल ३०. पाकिटावरचा मोठा आकडा ४०० वरून ६००० वर गेला, पंधरा पट. पण सीएल म्हणजे मागितलेली माहिती देण्याआधी रॅम किती टिका थांबते तो आकडा. तो नॅनोसेकंदात मोजायचा तर सीएलला २००० ने गुणून मोठ्या आकड्याने भागायचं. तिन्ही करून पाहा. उत्तर तिन्ही वेळा १० येतं. दुकानातून एका वेळी येणारी पिशवी मोठी झाली, पण काउंटरवरचा हा थांबा वीस वर्षांत हललेला नाही.

म्हणून रॅमची टायमिंग घट्ट करत बसणारे लोक मला प्रोसेसरचा आकडा फुगवणाऱ्यांपेक्षा जास्त शहाणे वाटतात. ते निदान खऱ्या अडचणीशी झुंजतायत. त्यांच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा एप्रिल २०२२ मध्ये आला. एएमडीने रायझन ७ ५८००एक्स३डी आणला. त्याचा कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे त्याच्याच भावंडापेक्षा, ५८००एक्सच्या ४.७ पेक्षा, कमी. ओव्हरक्लॉकिंग कंपनीनेच बंद केलेलं. पण चिपेवर कॅशेचा आणखी एक मजला चढवून ती ३२ एमबीवरून ९६ एमबी केलेली. गेममध्ये हा सावकाश भाऊ वेगवान भावाच्या पुढे गेला, आणि इंटेलच्या त्या वेळच्या सगळ्यात महागड्या प्रोसेसरलाही अनेक गेममध्ये गाठलं. मिसळणाचा डबा मोठा केला, दुकानाच्या फेऱ्या कमी झाल्या.

आणखी एक शंका मोजमापाची. ओव्हरक्लॉकिंगचं यश सरासरी एफपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसली यात सांगितलं जातं. समजा एका सेकंदात ५९ चित्रं प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आली आणि एक चित्र ११५ मिलिसेकंद अडकलं. बेरीज बरोबर १००० मिलिसेकंद, सरासरी ६० एफपीएस. आकडा छान दिसतो. खेळणाऱ्याला मात्र तो एक झटका जाणवतो, आणि नेमका त्याच क्षणी समोरचा गोळी घालून जातो. २०११ मध्ये 'द टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसन यांनी ग्राफिक्स कार्डांच्या परीक्षणात सरासरी बाजूला ठेवून एकेका चित्राला लागलेला वेळ मोजायला सुरुवात केली. आज परीक्षणांत दिसणारा '१ टक्का लो' हा आकडा त्याच विचारातून रुळला. तेव्हा ओव्हरक्लॉकिंगचा कुठलाही दावा वाचताना सरासरी सोडून हा आकडा शोधा. दिला नसेल तर दाव्याची किंमत तेवढ्यानेच कमी करा.

उत्तर दुसरं : दुकानदाराने

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे ओव्हरक्लॉकिंगची दुसरी बाजू मला गेमरपेक्षा जास्त दिसते. आम्हा लोकांकडे क्रॅशचे अहवाल येतात. प्रोग्राम कुठल्या ओळीवर मेला ते त्यात लिहिलेलं असतं.

मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २००५ मध्ये असाच एक किस्सा सांगितला होता. विंडोजच्या क्रॅश अहवालांत काही प्रोग्राम एका विचित्र सूचनेवर मेलेले दिसत होते. ती सूचना फक्त एवढंच सांगते, की प्रोसेसरच्या आतल्या एका खणात शून्य ठेव. ती मेमरीला हात लावत नाही, फाइल उघडत नाही. त्यात चुकण्यासारखं काही नाहीच. पाटी पुसण्यात कुणी नापास होईल का?

चौकशी केल्यावर काहींनी कबूल केलं की आम्ही ओव्हरक्लॉक केलंय. काहींना मात्र तो शब्दच माहीत नव्हता. अधिक खोदल्यावर कळलं, की त्यांनी तयार पीसी छोट्या दुकानांतून घेतले होते, आणि दुकानदाराने स्वस्त प्रोसेसर पळवून वेगवान मशीन म्हणून विकला होता. ग्राहकाला न सांगता.

तेच घड्याळ, तीच युक्ती. पण आता फायदा एकाचा, धोका दुसऱ्याचा, आणि माहिती फक्त पहिल्याकडे. सेलेरॉनच्या गोष्टीतलं सगळं कौतुक इथे उलटं होतं. त्या गिऱ्हाइकांनी शिव्या कुणाला दिल्या असतील? विंडोजला.

हे फक्त किस्से आहेत असं समजू नका. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी सुमारे १० लाख घरगुती पीसींच्या क्रॅश अहवालांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओव्हरक्लॉक केलेली मशीन जास्त वेळा हार्डवेअरच्या बिघाडाने कोसळत होती, आणि नेमून दिलेल्या वेगापेक्षा थोडी सावकाश चालणारी मशीन कमी वेळा. एकदा असा बिघाड झालेल्या मशीनमध्ये तो पुन्हा होण्याची शक्यताही खूप वाढत होती.

आणि कोसळणं हा त्यातल्या त्यात बरा शेवट आहे. प्रोसेसर किंवा रॅम काठावर चालवली, की ती दर वेळी बंद पडतेच असं नाही. कधीतरी ती शून्याच्या जागी एक लिहून पुढे जाते. गेममध्ये त्यामुळे एखाद्या झाडाचं पान हिरव्याऐवजी जांभळं दिसेल. पण त्याच मशीनवर तुमचे फोटो, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि आईबाबांच्या कागदपत्रांचे स्कॅनही असतात. त्यातली बिघडलेली फाइल पाच वर्षांनी उघडेपर्यंत काही सांगत नाही. म्हणून 'माझा पीसी तासभर गेम खेळून स्टेबल आहे' या वाक्याला काही अर्थ नाही. रॅमच्या टायमिंगला हात लावला असेल तर मेमटेस्टसारखी चाचणी रात्रभर चालवायची. तिच्यात एकही चूक निघाली तर ती सेटिंग नापास. 'फक्त एकच चूक' अशी सवलत नसते.

उत्तर तिसरं : कंपनीने

ग्राहक स्वस्त चिपेतून महाग चिपेचं काम काढतायत हे कंपन्या किती दिवस बघणार? त्यांनी आधी कुलूप लावलं, मग किल्ली विकायला काढली.

२०१० मध्ये इंटेलने एक प्रयोग केला. पेंटियम जी६९५१ हा स्वस्त प्रोसेसर घ्यायचा आणि मग ५० डॉलरचं कार्ड विकत घेऊन त्यावरचा कोड टाकायचा, की त्याच चिपेत आधीपासून असलेली, पण बंद ठेवलेली १ एमबी कॅशे आणि हायपरथ्रेडिंग सुरू व्हायचं. लोकांनी इतकी टीका केली की ती योजना पुढच्याच वर्षी गुंडाळली. पण आंबा आधीच पेटीत होता, हे कंपनीने इतकं उघडपणे त्याआधी कधी दाखवलं नव्हतं.

जानेवारी २०११ च्या सँडी ब्रिज प्रोसेसरमध्ये हीच कल्पना जास्त सभ्य रूपात आली. बसचं घड्याळ आता मदरबोर्डवरच्या बाकी सगळ्या गोष्टींशी बांधलेलं होतं, त्यामुळे सेलेरॉनची युक्ती जवळजवळ संपली. गुणक उघडा हवा असेल तर नावाच्या शेवटी 'के' असलेला प्रोसेसर घ्यायचा, थोडे जास्त पैसे देऊन. शिवाय मदरबोर्डही वरच्या श्रेणीचा. २०१५ च्या अखेरीस काही मदरबोर्ड कंपन्यांनी 'के' नसलेले स्कायलेक प्रोसेसरही पळवून दाखवले, तर इंटेलने दोन-तीन महिन्यांत अपडेट काढून ती खिडकी बंद केली. दरम्यान २०१२ पासून इंटेल ओव्हरक्लॉकिंगसाठी वेगळी संरक्षण योजनाही विकत होती. ज्या गोष्टीने वॉरंटी जाते, ती करायची मुभा एकीकडे विकायची आणि तिच्यामुळे गेलेली वॉरंटी दुसरीकडे विकायची. ही योजना २०२१ मध्ये बंद झाली.

रॅमचंही तसंच. ६००० लिहिलेलं पाकीट विकत घ्या, मदरबोर्डवर लावा, ती ६००० वर चालत नाही. बायोसमध्ये जाऊन इंटेलवाल्यांनी एक्सएमपी किंवा एएमडीवाल्यांनी एक्सपो सुरू करावं लागतं. पाकिटावर छापलेला वेग मिळवण्यासाठी दाबायचं ते बटण दोन्ही कंपन्यांच्या अटींनुसार ओव्हरक्लॉकिंग आहे आणि त्याने प्रोसेसरची वॉरंटी जाऊ शकते. जाहिरातीत वेग कंपनीचा, अटींमध्ये जबाबदारी तुमची. एप्रिल २०२३ मध्ये काही रायझन ७८००एक्स३डी प्रोसेसर अक्षरशः जळले. एक्सपो लावल्यावर काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. मग एएमडीने बायोसमधून तिथे १.३ व्होल्टची मर्यादा घातली.

आता तर किल्लीचीही गरज उरली नाही, कारण प्रोसेसर कारखान्यातूनच पळवलेले येतात. कोअर आय९-१४९००के खोक्यातून काढल्या काढल्या ६ गिगाहर्ट्झला हात लावतो, आणि मार्च २०२४ चा १४९००केएस ६.२ ला. त्या काठावर काय होतं ते २०२४ मध्ये दिसलं. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे वरच्या श्रेणीचे प्रोसेसर गेममध्ये कोसळू लागले. पडद्यावर संदेश यायचा की ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली, आणि लोक ग्राफिक्स कार्ड तपासत बसायचे. सुरुवातीला रोख मदरबोर्डच्या सैल सेटिंगवर होता. पुढे इंटेलने मान्य केलं, की प्रोसेसर स्वतःच जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने आतली सर्किटं अकाली म्हातारी होत होती. ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडचे अपडेट आले, वॉरंटी २ वर्षांनी वाढली. पण जी चिप आधीच झिजली, ती अपडेटने बरी होत नव्हती.

रेमंड चेन यांच्या किस्स्यातला दुकानदार आठवा. ग्राहकाने काही केलं नाही, त्याला काही सांगितलं नाही, मशीन मात्र काठावर. फरक इतकाच, की आता दुकान खूप मोठं आहे. वॉरंटी वाढली हे खरं, दुकानदाराने तीही दिली नव्हती. पण महिनोन्महिने चुकीच्या भागावर संशय घेत बसलेल्या गिऱ्हाइकाची अवस्था तीच होती.

मग आज याचं करायचं काय?

वेगासाठी घड्याळ पळवण्यात आता फारसं काही उरलेलं नाही, असं माझं मत आहे. पळवण्यासारखा जो काही वाव होता तो कंपनीने आधीच खाल्लेला असतो. 'के' प्रोसेसर, त्याला लागणारा वरच्या श्रेणीचा मदरबोर्ड आणि पाण्याचा कूलर यांवर जादा पैसे घालून जे काही टक्के मिळतात, त्यापेक्षा तेच पैसे चांगल्या ग्राफिक्स कार्डात किंवा जास्त कॅशेच्या प्रोसेसरमध्ये घातले तर फरक डोळ्यांना दिसेल. त्यातून तुम्ही ४के पडद्यावर खेळत असाल तर अडथळा बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाचाच असतो. प्रोसेसर पळवा नाहीतर बसवा, एफपीएस तेवढेच.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. हवेचा असो की पाण्याचा, कुठलाही कूलर चिपेला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. समजा तो चिपेला खोलीपेक्षा ५० अंश वर धरून ठेवतो. परीक्षण करणाऱ्याच्या २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ती ७२ वर राहते. मे महिन्यात नागपुरात किंवा अकोल्यात ४० अंशांच्या खोलीत तीच चिप ९० वर जाते. व्हिडिओतली सेटिंग जशीच्या तशी उतरवणाऱ्याने आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघावं.

पण सेलेरॉनवाल्यांची मूळ वृत्ती, लेबलवर विश्वास न ठेवता वस्तू तपासून बघायची वृत्ती, वाया गेलेली नाही. तिची दिशा बदलली आहे. आज तिचं सगळ्यात चांगलं रूप मला अंडरव्होल्टिंगमध्ये दिसतं. कंपनी प्रत्येक चिपेला तिच्या सगळ्यात अशक्त भावंडाला पुरेल इतकं व्होल्टेज देते. तुमच्या चिपेला त्याहून कमी पुरत असेल, तर ते हळूहळू कमी करायचं आणि दर पायरीला चाचणी घ्यायची. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरलं तर तोच वेग राखूनही चिपेच्या कामाला लागणारी वीज सुमारे १९ टक्क्यांनी घटते. पंखा शांत होतो, चिप गार राहते, आणि गार राहिल्यामुळे कित्येकदा आपणहून जास्त वेळ वरच्या वेगाला टिकते. यालाही रात्रभराच्या चाचण्या लागतात, यातही चुका होऊ शकतात. विक्रमांच्या यादीत मात्र याला जागा नाही.

तुम्ही हा लेख बहुधा फोनवर वाचताय. त्या फोनचा प्रोसेसरही सेकंदा-सेकंदाला आपलं घड्याळ पळवतोय आणि आवरतोय. उन्हाळ्यात अर्धा तास गेम खेळल्यावर चित्र अडखळायला लागतं, पडदा मंद होतो, ते त्यामुळेच. ते घड्याळ किती पळवायचं, कधी आवरायचं, हे तुम्हाला कुणी विचारलेलं नाही, आणि बायोससारखी एखादी खिडकी उघडून बघायची सोयही तुमच्याकडे नाही. १९९८ सालच्या त्या गिऱ्हाइकाकडे निदान एक चिकटपट्टी होती.